नागपूरच्या उन्हात कोण टिकलं: त्वचा उजळवणाऱ्या घटकांचा चार उन्हाळ्यांचा अनुभव

वरोऱ्याच्या एका पार्लरवाल्या ताईंचा फोन आला, तो २०२२ च्या मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. "ताई, तुमची क्रीम लाल पडली ना! गिऱ्हाईक म्हणते, जुना माल दिला." माल जुना नव्हता. मार्चमध्ये भरलेली बॅच, जेमतेम दोन महिने झालेले. मी डबी परत मागवली. झाकण फिरवलं तर वरचा थर गुलाबीकडे झुकलेला तपकिरी, कडेला गडद, मध्ये थोडा फिका. स्पॅच्युलाने तो थर बाजूला सारला, तर अर्ध्या सेंटिमीटरखाली क्रीम दुधासारखी पांढरी. जिथवर हवा पोचली होती तिथवरच ती बिघडली होती. त्या बॅचमध्ये २ टक्के कोजिक ॲसिड होतं.

हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं, परवाना असलेलं युनिट आहे. शिक्षण कॉस्मेटिक टेक्नॉलॉजीचं, तेही नागपुरातच. विदर्भातल्या पार्लरांसाठी आणि दोन-तीन लहान ब्रँडसाठी आम्ही क्रीम, सीरम बनवून देतो. त्या डबीनंतर डाग फिके करणारा जो जो कच्चा माल घेतला, त्याची मी वेगळी वही ठेवली. आज चार उन्हाळ्यांनंतर त्या वहीतून लिहिते आहे. स्वतःचं प्रॉडक्ट काढू पाहणाऱ्यांना याचा उपयोग होईलच, पण मागचं लेबल वाचून क्रीम घेणाऱ्या बायकांनीही वाचावं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट आधी सांगते. स्टॅबिलिटी टेस्ट म्हणजे क्रीम ४० किंवा ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये तीन महिने ठेवून बघणं. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश हे ओव्हनचं नाही, रस्त्याचं तापमान असतं. माल टेम्पोत तापतो, कुरियरच्या गोदामात तापतो, पत्र्याखालच्या दुकानात तापतो. आणि बिघडलेला घटक नुसता निकामी होऊन गप्प बसत नाही, काही वेळा त्यातूनच त्वचेला त्रास देणारं काहीतरी सुटतं. म्हणून "हे उजळवतं का?" या प्रश्नाआधी मी "हे गरमीत काय होतं?" हे विचारते.

कोजिक ॲसिडने मला सगळ्यात जास्त रडवलं, म्हणून त्याच्यापासून सुरुवात. जपानमध्ये तांदळाची कोजी लावायला जी बुरशी वापरतात, तिच्यापासून हे मिळतं. १९०७ मध्ये जपानमध्येच ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. त्वचेत रंग तयार करणारं टायरोसिनेज नावाचं एन्झाइम तांब्यावर चालतं. कोजिक ॲसिड ते तांबं धरून ठेवतं आणि एन्झाइमचं काम मंदावतं. पण धातू धरायची हीच सवय बरणीत नडते. लोह भेटलं की ते त्यालाही धरतं आणि लाल होतं. कॉलेजात फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून आपण फिनॉल ओळखायचो, कोजिकही त्या थेंबाने ओळखू येतं, फक्त फिनॉलच्या जांभळ्याऐवजी गडद लाल रंग देतं. मी दोन टेस्ट ट्यूब घेतल्या, एकीत आमच्या बोअरचं पाणी, दुसरीत चांगलं डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी, आणि दोन्हीत चिमूटभर कोजिक टाकलं. बोअरच्या ट्यूबला थोड्या वेळात फिकट लालसर झाक आली. दुसरी काचेसारखी स्वच्छ राहिली. मग डीएम प्लांटचा मीटर पाहिला, तर क्षार शोषणारं रेझिन थकलेलं. ती चूक आमची होती. त्यात ब्रँडवाल्यांचा हट्ट म्हणून ईडीटीए, म्हणजे सुटे धातू बांधून ठेवणारा घटक, काढून टाकलेलं, आणि भरलं रुंद तोंडाच्या बरणीत, जिच्यात रोज बोट जाणार आणि रोज हवा जाणार.

पुढच्या उन्हाळ्यात सगळं सुधारून पुन्हा केलं. कोजिक १ टक्क्यावर आणलं, ०.१ टक्का डायसोडियम ईडीटीए, हवेने होणारा बिघाड रोखायला थोडं सोडियम मेटाबायसल्फाइट, पीएच (आंबटपणाचा आकडा, ७ च्या जितका खाली तितकं आंबट) ४.५, आणि बरणीऐवजी टूथपेस्टसारखी लॅमी ट्यूब. तरीही ४५ अंशांवर आठव्या आठवड्यात क्रीम पिवळसर झालीच. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये चेहऱ्याच्या आणि हाताच्या उत्पादनांत कोजिकची मर्यादा १ टक्का ठरवली. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण १ टक्क्याच्या वर जाण्याचं मला आता एकही कारण दिसत नाही. कोजिकचं तेलात विरघळणारं रूप, कोजिक डायपाल्मिटेट, तेही वापरून पाहिलं. ते लाल होत नाही हे खरं, पण तेलाच्या फेजमध्ये नीट विरघळलं नाही तर थंड होताना दाणे धरतं, आणि डागांवर त्याचा पुरावा फारच तोकडा आहे. थंड गोदाम आणि लवकर संपणारा माल असेल तर कोजिक वापरा. चंद्रपूर-वरोऱ्याच्या दुकानासाठी मी ते आता देत नाही.

नायसिनामाइड म्हणजे व्हिटॅमिन बी३, आणि माझ्या कपाटातला सगळ्यात विश्वासाचा डबा. ते रंग तयार होणं थांबवत नाही. तयार झालेल्या रंगाच्या बारीक पुड्या वरच्या पेशींकडे पोचतात, ती पोहोच ते कमी करतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रयोगशाळेतल्या पेशींवर ही पोहोच ३५ ते ६८ टक्क्यांनी घटलेली दिसली होती. पाण्यात साखरेसारखं विरघळतं, रंग बदलत नाही, वास नाही. ४ टक्के घाला, पीएच ६ च्या आसपास ठेवा आणि निर्धास्त राहा.

मात्र खरेदी डोळे उघडे ठेवून करा. २०२३ मध्ये मी एका नव्या विक्रेत्याकडून स्वस्तातला ५ किलोचा ड्रम घेतला. ट्रायलसाठी आमच्याच युनिटमधल्या सहा जणींनी क्रीम लावली. दोघींचे गाल दहा मिनिटांत लाल झाले, कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम वाटायला लागलं. अर्ध्या तासात उतरलं, पण मी घाबरले होते. नायसिनामाइडमध्ये निकोटिनिक ॲसिड राहिलेलं असलं की असं होतं, कारण त्याने रक्तवाहिन्या फुलतात. पीएच फार खाली किंवा फार वर गेला आणि वरून उष्णता मिळाली, तर चांगलं नायसिनामाइडही तुटून तेच तयार होतं. त्या ड्रमच्या सीओएवर, म्हणजे विक्रेत्याने दिलेल्या तपासणीच्या दाखल्यावर, निकोटिनिक ॲसिडची ओळच नव्हती. विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, प्युरिटी ९९ टक्के आहे ना!" अहो, उरलेल्या एका टक्क्यात काय आहे, तेच तर मी विचारत होते. आता निकोटिनिक ॲसिड १०० पीपीएमच्या (दहा लाखांत १०० भागांच्या) आत असल्याचं त्या बॅचच्या सीओएवर छापलेलं असल्याशिवाय मी माल उतरवून घेत नाही.

अल्फा आर्ब्युटिनची कथा अजून वेगळी. टायरोसिनेजवर काम करणारा हा चांगला, सौम्य घटक आहे. पण आर्ब्युटिन म्हणजे हायड्रोक्विनोन या डाग घालवणाऱ्या औषधाला साखरेचा एक रेणू जोडलेला. आंबट पीएच आणि उष्णता मिळाली की ती जोडणी सुटते आणि क्रीममध्ये हायड्रोक्विनोन मोकळं होतं, जे आपल्याला नको असतं. म्हणून बॅच ४० अंशांखाली उतरल्यावरच मी ते घालते आणि पीएच ५ च्या आसपास ठेवते. ग्लायकोलिक ॲसिडच्या पीएच ३.५ च्या सीरममध्ये आर्ब्युटिन टाकून मागणारे ब्रँड येतात. त्यांना मी सरळ नाही म्हणते. युरोपात अल्फाची मर्यादा चेहऱ्याच्या क्रीममध्ये २ टक्के आणि बॉडी लोशनमध्ये ०.५ टक्का आहे. माझाही आकडा तोच.

आर्ब्युटिनचे दोन भाऊ आहेत, अल्फा आणि बीटा. अल्फा महाग, बीटा स्वस्त, आणि दोन्हीची पावडर दिसायला अगदी सारखी. एकदा आलेलं पाकीट मला भावाच्या मानाने फारच स्वस्त वाटलं. ओळखीच्या एका प्रयोगशाळेत पोलॅरिमीटर, म्हणजे द्रावण प्रकाश कुठल्या बाजूला वळवतं ते मोजणारं यंत्र, होता, तिथे द्रावण घेऊन गेले. अल्फा प्रकाश उजवीकडे वळवतं, त्याचा आकडा अधिक १७४ ते १८६ च्या घरात असतो. बीटा डावीकडे वळवतं. नळी आत सरकवली, झाकण बंद केलं, आकडा स्थिर व्हायची वाट पाहिली. आकड्यामागे वजाचं चिन्ह आलं. नळी धुऊन, नवीन द्रावण करून पुन्हा पाहिलं. पुन्हा वजा. पाकिटावर मोठ्या अक्षरात "अल्फा" छापलेलं होतं. माल परत केला, पैसे मिळायला चार महिने लागले. ही एक तपासणी कुठल्याही फार्मसी कॉलेजात होऊ शकते. तेवढी धावपळ नक्की करा.

आर्ब्युटिन आणि कोजिकवरून आठवलं. सेल्सचे लोक येतात आणि टॅबवर आलेख दाखवतात, "टायरोसिनेज इन्हिबिशन ९५ टक्के!" मी एकच विचारते, "टायरोसिनेज कुणाचं, अळंबीचं की माणसाचं?" बहुतेक आलेख अळंबीच्या एन्झाइमवरचे असतात, कारण ते स्वस्त आणि सहज मिळतं. २०१८ मध्ये एका जर्मन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या टायरोसिनेजवर ५० हजार संयुगं तपासली, तेव्हा कोजिक आणि आर्ब्युटिन त्यावर बरेच दुबळे ठरले. त्याच शोधातून थायमिडॉल निघालं. ते आमच्यासारख्यांना सुटं मिळत नाही, त्यामुळे माझ्या वहीत त्याचं पान कोरं आहे.

व्हिटॅमिन सीची मागणी सगळ्यात जास्त आणि तक्रारीही सगळ्यात जास्त. शुद्ध एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड त्वचेत शिरायला पीएच ३.५ च्या खाली लागतो आणि पाण्यात ते टिकत नाही. १५ टक्के व्हिटॅमिन सी, १ टक्का व्हिटॅमिन ई आणि ०.५ टक्का फेरुलिक ॲसिड हे २००५ पासूनचं प्रसिद्ध गणित आहे आणि ते खरंच आधार देतं. मी ते केलं, गडद तपकिरी काचेत भरलं, एक बाटली फ्रिजमध्ये आणि एक युनिटच्या खिडकीजवळच्या फळीवर ठेवली. एप्रिलच्या शेवटी फळीवरची बाटली पहिल्या आठवड्यात लिंबू सरबतासारखी होती, तिसऱ्या आठवड्यात बिनदुधाच्या चहासारखी. फ्रिजमधली फिकट पिवळीच राहिली. चहाच्या रंगाचं सीरम लावू नका. त्यातलं व्हिटॅमिन बरंचसं गेलेलं असतं आणि ते त्वचेवर पिवळट डागही सोडतं.

मग त्याची बाळं आली, म्हणजे व्हिटॅमिन सीपासून बनवलेली जास्त टिकाऊ रूपं. सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट पीएच ७ जवळ छान टिकतं, पण ते मीठ आहे. कार्बोमरच्या जेलमध्ये टाकलं आणि सकाळचं घट्ट जेल दुपारी वरणाच्या पाण्यासारखं पातळ झालं. जाडी आणायला झँथन गम घ्या, कार्बोमर नको. थ्री-ओ-इथाइल ॲस्कॉर्बिक ॲसिड मला सर्वात जमलं: २ टक्के, पीएच ५, ४५ अंशांवर बारा आठवड्यांत अगदी किंचित पिवळेपणा. त्याने काही मोजक्या लोकांना ॲलर्जी झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे, म्हणून कानामागे लावून दोन दिवस बघायची सूचना मी लेबलवर छापते.

ट्रानेक्झामिक ॲसिडबद्दल मला विशेष लिहायचं आहे, कारण ते घरात उपयोगी पडलं. १९६२ मध्ये जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने हे रक्तस्राव थांबवणारं औषध म्हणून शोधलं. नंतर लक्षात आलं की वांगाच्या डागांवरही त्याचा उपयोग होतो. ऊन लागल्यावर त्वचा रंगपेशींना जे संदेश धाडते, त्यातला एक दुवा ते तोडतं. ३ टक्के पाण्यात सहज विरघळतं, पीएच जरा इकडेतिकडे झाला तरी रुसत नाही, नायसिनामाइडशी भांडत नाही, गरमीत रंग बदलत नाही. पण हात जोडून सांगते, दुकानातून गोळ्या आणून त्या कुटून क्रीममध्ये मिसळू नका. गोळीत बाकी काय काय असतं ते तुम्हाला माहीत नसतं. आणि वांगासाठी त्या गोळ्या तोंडाने घेणं हे तर पूर्णपणे डॉक्टरांचं काम, रक्ताच्या गुठळ्यांचा प्रश्न असतो.

अझेलेइक ॲसिड चांगलंच आहे, फक्त १० टक्क्यांवर क्रीम रव्यासारखी खरखरीत लागते. त्याच्यापासून बनवलेलं पोटॅशियम अझेलॉइल डायग्लायसिनेट पाण्यात विरघळतं, सुटसुटीत आहे. ज्येष्ठमधाबाबत मात्र लोकांचा मोठा गैरसमज आहे. डागांवर काम करतं ते त्यातलं ग्लॅब्रिडिन, आणि काष्ठौषधीच्या दुकानातल्या भुकटीत ते अगदी नगण्य असतं. ४० टक्के ग्लॅब्रिडिनवाला अर्क सोन्याच्या भावाने मिळतो आणि ०.०५ टक्क्यासारखा थेंबभर पुरतो. तपकिरी, गोडसर वासाचं द्रावण "ज्येष्ठमध अर्क" म्हणून घेतलं तर क्रीमला रंग येतो, लेबलला शोभा येते, डागाला काही होत नाही. लिंबाचं तर नावच नको. चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. फोड येतात आणि मागे आधीपेक्षा काळे डाग राहतात.

आता ज्यांना मी कपाटात जागाच देत नाही ते. पारा. अकोल्यातल्या एका घरातल्या आई आणि दोन मुलींच्या मूत्रपिंडांना त्रास झाल्याची बातमी २०२३ मध्ये आपण सगळ्यांनी वाचली. त्या वापरत असलेल्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडला होता. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदले, त्यांतल्या १३ जणांनी गोरं करणारी क्रीम वापरली होती. बिनलेबलची, आठ दिवसांत चेहरा पांढरा करणारी डबी कुणी आणून दिली, तर ती पारा किंवा स्टेरॉइड आहे असंच समजा. लावायची स्टेरॉइड २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी ती पार्लरमध्ये डब्यांत मिसळलेली दिसतात. मला पोटतिडकीने वाईट वाटतं, कारण ती लावणारी मुलगी माझ्या गिऱ्हाइकांपैकीच कुणीतरी असते. हायड्रोक्विनोन हे औषध आहे, त्वचारोगतज्ज्ञांच्या हातात शोभतं. कॉस्मेटिकमध्ये त्याला थारा नाही.

आणि नवीन म्हणजे सुरक्षित असंही नसतं. जपानच्या कानेबो कंपनीने सरकारी मान्यता घेऊन रोडोडेनॉल नावाचा घटक बाजारात आणला होता. जुलै २०१३ मध्ये सगळी उत्पादनं परत मागवावी लागली, कारण हजारो बायकांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर कोडासारखे पांढरे चट्टे उठले. मान्यता, मोठं नाव, चांगली प्रयोगशाळा, सगळं असून हे झालं. तेव्हापासून "या वर्षी नवीन आलं" म्हणून येणारा घटक मी किमान पाच वर्षं दुसऱ्यांच्या अनुभवावर सोडते.

तर सध्या काय बनवते? नायसिनामाइड ४ टक्के, ट्रानेक्झामिक ॲसिड ३ टक्के, ईडीटीएसारखं धातू बांधणारं सोडियम फायटेट ०.१ टक्का, साधा क्रीम बेस, सुगंध नाही, पीएच ५.८, लॅमी ट्यूब. ही काही जादू नाही, परिणाम दिसायला बारा आठवडे लागतात आणि सकाळी सनस्क्रीन लावलं नाही तर दिसतही नाही. माझ्या मोठ्या जाऊबाईंना दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आलं होतं. त्यांनी ही क्रीम आणि सनस्क्रीन नेमाने लावलं. दर महिन्याला स्वयंपाकघराच्या त्याच खिडकीपाशी, सकाळी नऊ वाजता मी फोटो काढला. चौथ्या फोटोत गालांवरचे डाग स्पष्ट फिके झाले होते. ओठावरचा अजून आहे, थोडा हलला आहे एवढंच. "गोरी नाही झाले ना मी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वहिनी, व्हायचंच नव्हतं. डाग जायचे होते."

गेल्या जूनमध्ये त्यांच्याकडून गाडीच्या पुढच्या खणात विसरलेली एक ट्यूब माझ्याकडे आली. अख्खा मे महिना ती त्या बंद गाडीत होती. मी युनिटमधल्या पांढऱ्या टाइलवर ती पिळली आणि शेजारी फ्रिजमधल्या नमुन्याची रेघ ओढली. दोन्ही रेघा सारख्याच पांढऱ्या. पाणी सुटलेलं नाही, वास नाही. पीएच ५.७. तरी ती ट्यूब मी ठेवून घेतली आणि वहिनींना नवी दिली.